ओट्यावरची भाकर

"परात तुझी तू आण. पीठही घरचंच आण. इथल्या कशाला हात लावू नकोस."

दवाखान्याचे डॉक्टर असं म्हणाले तेव्हा ते ओट्यावर खुर्चीत होते आणि मी खाली उन्हात उभी. माझा उजवा हात त्यांनी लांबूनच पाहिला. पेन्सिल हवेत फिरवून सांगत होते. उलटा कर, सुलटा कर. जखमेला त्यांचं बोट लागलं नाही. आम्ही महारवाड्यातल्या ना!

त्या हाताची चार बोटं जीनमध्ये, सरकी काढायच्या कारखान्यात गेली होती. धुळ्याजवळच्या त्या जीनमध्ये आम्ही बाया यंत्रासमोर बसून रुळावर कापूस लावायचो. रूळ रुई ओढून घेतो, सरकी खाली पडते. एके दिवशी त्याने कापसाबरोबर माझा हात ओढला. अंगठा तेवढा राहिला. चिंध्या बांधलेल्या होत्या तोवरच मला कामावरून काढलं. नवरा प्लेगात गेलेला. घरात म्हातारी सासू आणि दोन लेकरं.

सरकारने तेव्हा नवा कायदा केला होता. कामावर हात किंवा पाय गेला तर मालकाने भरपाई द्यायची. पण आधी डॉक्टरने लिहून द्यायचं, की ही बाई आता कामाची राहिली नाही.

जीनचे मुनीम डॉक्टरांच्या शेजारी बसले होते. ते म्हणाले, "बाईमाणसाचं खरं काम कोणतं? भाकरी करता येते का बघा. येत असेल तर कामाची आहे." डॉक्टरांना ते पटलं. म्हणून ती परात.

मी ऐकलं. मान खाली घालून घरी गेले आणि परात घेऊन आले. निघताना सासूने दारात अडवलं.

"वाकडी थापजो माय. फाटू दे, जळू दे. चांगली व्हयनी ते आपलं बठ्ठं गयं समज."

समजलं होतं मला, भाकर चांगली झाली तर भरपाई गेली. तीन दगड मांडले, काटक्या पेटवल्या, तवा ठेवला. औषधाला आलेले लोक रांग सोडून बघायला आले. तमाशाच तो, फुकटचा. पीठ मळताना थोटक्या हातातून कळ डोक्यात जात होती. डाव्या हाताने थापायला लागले. आणि माझं चुकलं.

मला भाकर वाकडी थापता आली नाही.

एवढे लोक बघत होते. त्यात सवर्णांच्या बाया होत्या, नाकाला पदर लावून. त्यांच्यासमोर फाटकी भाकर टाकायची? आमच्यातल्या बाईला लहानपणापासून एकच ऐकवलेलं असतं, की तुझी भाकर बघून तुझं घर ओळखतात. हात आपोआप फिरत गेला. अंगठ्याने कड सावरली. भाकर तव्यावर टम्म फुगली. क्षणभर मला बरंसुद्धा वाटलं. त्या बरं वाटण्याची मला आजही चीड येते.

"वा! आमच्या घरी दोन हातांनी अशी होत नाही," मुनीम हसले. डॉक्टरांनी लिहून टाकलं. बाई काम करू शकते.

मग दवाखान्याच्या शिपायाने काठी घेतली आणि ती भाकर कुत्र्यापुढे ढकलू लागला. ते बघून माझ्या आत काहीतरी फाटलं. मी भाकर उचलली आणि ओट्याच्या कडेवर ठेवली, डॉक्टरांच्या पायांजवळ.

"साहेब, भाकर चांगली शे ना?"

"आहे."

"मंग खा."

डॉक्टरांनी पाय मागे घेतले.

"खा ना! माझी भाकर साक्षीले चालस, तोंडले चालत नही?" माझा आवाज चढला होता. "जीनमा माले भाकरी कराले ठेयेल नव्हतं. रूळवर कापूस लावाले ठेयेल व्हतं. तठे चला. तठे तपासा."

शिपायाची काठी माझ्या पाठीवर बसली. मुनीम डॉक्टरांनी लिहिलेला कागद पुढे करून म्हणाले, "मान्य म्हणून अंगठा कर आणि नीघ." मी अंगठा तळव्यात दाबला. तो झाकायला बोटं नव्हती, म्हणून हात पदरात घेतला. केला नाही अंगठा. आणखी एक काठी बसली, तरी नाही.

पुढे भरपाईचा निकाल देणाऱ्या धुळ्याच्या मोठ्या साहेबाकडे पायी गेले. डॉक्टरांनी लिहिलं ते खरं, असं तो म्हणाला. भरपाई मिळाली नाही. धाकटं लेकरू त्याच उन्हाळ्यात गेलं. उपाशी होतं, दुसरं काही नाही.

आता मी सरपण विकते. पण जीनमध्ये कुणाचा हात गेला, पाय गेला, की मला निरोप येतो. तपासणीच्या दिवशी मी त्या बाईच्या बाजूला उभी राहते. डॉक्टर म्हणाले उचलून दाखव, तर तिच्या आधी मीच सांगते, ती नाही दाखवणार. तुम्ही खाली उतरा, तिचा हात हातात घ्या आणि काय गेलंय ते बघा. शिव्या बसतात. मला दोनदा चौकीवर बसवलं. पुन्हा बसवतील.

मी जिवंत आहे तोवर त्या ओट्यापुढे आमची एकही बाई एकटी उभी राहणार नाही.