दसऱ्याचा फोटो

मुलुंडच्या आमच्या कंपनीचं सगळं काम क्लाउडवर असायचं आणि माझ्यासकट निम्मी माणसं घरून लॉगिन करायची. ते सांभाळणं माझ्याकडे होतं. मालकांना मोबाइलवर येणाऱ्या कोडची कटकट नको होती, म्हणून त्यांनी तो बंद करायला लावला आणि पासवर्ड कागदावर लिहून स्क्रीनच्या कोपऱ्यात चिकटवला. "सर, काढा तो," मी दोनदा सांगितलं. "आपल्या ऑफिसात काय चोर आहेत?" म्हणाले.

दसऱ्याला त्यांनी कॉम्प्युटरची पूजा केली, झेंडूचा हार घातला आणि फोटो कंपनीच्या पेजवर टाकला. चार दिवसांत कुणीतरी क्लाउडवरची आमची सगळी ड्रॉइंग्ज पुसून टाकली. मालक सगळ्यांसमोर माझ्यावर ओरडले, "घरी बसून पोळ्या लाटत काम करतेस, म्हणून वाट लागली!" मला माफी मागायला लावली. मी मागितली, आणि मग लॉगिनचं रेकॉर्ड उघडलं. चोर मालकांच्याच नावाने आत आला होता.

सोमवारच्या मीटिंगमध्ये मी तोच फोटो प्रोजेक्टरने भिंतीवर दाखवला आणि मोठा करत गेले. हार, कुंकू, मग तो कागद. पासवर्ड शेवटच्या खुर्चीवरूनही वाचता येत होता. मालक पाणी प्यायले. माफी मात्र मागितली नाही.

या दसऱ्याला पूजा आटोपली, तेव्हा मी सगळ्यांसमोर फोन वर धरला. "सर, फोटो काढू ना? पेजवर टाकायला?"

ते नको म्हणाले.

"का, सर?" मी विचारलं, आणि उत्तर येईपर्यंत फोन खाली घेतला नाही.