शेवटचा रकाना

गल्लीत त्यांना सगळे गळतीकाका म्हणत. कुणाचा नळ गळला तरी हाक त्यांनाच. पण काकांची गळती वेगळी. रसायनांच्या कारखान्यात क्लोरीनच्या टाकीला अंगठ्याएवढं भोक पडलं, तर वाऱ्याबरोबर वायू किती मिनिटांत कुठवर पोचेल, हे ते संगणकावर मांडत आणि नकाशावर लाल रेघ ओढत. रेघेच्या आत त्यांची स्वतःची इमारतही होती. वायूला तिथे यायला नऊ मिनिटं. हे त्यांनी एकदा जेवताना बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "वाऱ्याची एवढी चौकशी करता, कधीतरी माझीही करा." ती जाऊन तीन वर्षं झाली. मुलगी लांब, रविवारी फोन करून जेवलात का विचारते. ते हो म्हणतात, जेवले नसले तरी.

रेघेच्या आतल्या प्रत्येक घराकडून कारखाना फॉर्म भरून घेई. त्यातला शेवटचा रकाना काकांनीच यंदा भांडून घालून घेतलेला: 'भोंगा वाजल्यावर तुम्ही बाहेर पडलात का, हे कोण बघेल?' तो कोरा असला तर फॉर्म परत, हा नियमही त्यांचाच. आणि कारकुनानं त्यांचाच फॉर्म परत आणला.

"साहेब, इथं नाव लिहायचं राहिलंय."

दिव्याखाली अंधार, दुसरं काय! काका पेन धरून बसले. कुठल्या घरात किती माणसं हे तोंडपाठ असलेल्या या गृहस्थाला एक नाव सुचेना. स्वतःचीच लाज वाटली त्यांना. शेवटी खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाईंचं नाव लिहून मोकळे झाले. जिन्यात भेटल्या तर मान हलवायची, एवढीच ओळख. बाईंना विचारायचं मात्र राहूनच गेलं. आयुष्यभर माणसं आकड्यांत मांडली, आणि आकड्यांना कोण कशाला विचारतं?

कारखान्यानं नियमाप्रमाणे बाईंना चिठ्ठी पाठवली: भोंगा वाजला की काका बाहेर पडलेत का, ते तुम्ही बघायचं.

शुक्रवारी सकाळी घरं सोडून मैदानावर जमायचा सराव झाला. भोंगा वाजला तेव्हा काका कारखान्यात घड्याळ लावून बसले होते. मैदानावरच्या मोजणीत एक माणूस कमी भरलं. शिवणवाल्या बाई.

काका जीपनं इमारतीत पोचले, धापा टाकत जिना चढले. बाई काकांच्याच दाराशी पायरीवर बसल्या होत्या, तळवे लालभडक.

"वीस मिनिटं दार बडवतेय! आत पडलाबिडलात की काय, नुसता जीव टांगणीला लागला."

"मी कामावर होतो."

"मला काय स्वप्न पडणार? नाव लिहिलंत, तसं तोंडानं सांगायचंत तरी!"

वीस मिनिटं. वायूला इथे यायला नऊ. खरीच गळती असती तर रिकाम्या घरासाठी या बाई जिवाला मुकल्या असत्या, आणि ते त्यांच्या एका रकान्यापायी.

"चुकलं माझं. खोडतो नाव."

"खोडा असं कोण म्हणतंय? घराबाहेर पडताना सांगून जात जा."

दुसऱ्या दिवशी काका डबा घेऊन बाईंच्या दारात उभे राहिले. घसा खाकरून म्हणाले, "निघतो."

मशीनवरची मान वर न करता बाईंनी विचारलं, "परत किती वाजता?"

काका गोंधळले. तीन वर्षांत हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.