अपुरी कादंबरी

सरकीचा वास आला की मला दिग्रसच्या जिनिंग कारखान्यातला तो हमाल आठवतो. कापसाचे भाव पडून जिनिंग बंद झाली, त्या वर्षी त्याने स्वतः लिहिलेल्या कादंबरीची वही माझ्याकडे वाचायला दिली, कारण मी कॉलेजात मराठी शिकवायचो. तीन महिने मी ती उघडलीच नाही. एका दुपारी तो उन्हातून चालत घरी आला. "सर, वाचली काय?" त्याने विचारलं. "हो तर! शेवट फारच सुंदर झालाय," मी म्हणालो.  तो हळूच म्हणाला, "शेवट तं अजून लिहाचाच हाये, सर." वही घेऊन तो निघून गेला. त्यानंतर त्यानं एक ओळही लिहिली नाही, हे तो वारल्यावर त्याच्या बायकोनं सांगितलं. पुढे ती कादंबरी अपुरीच छापली गेली आणि आज अभ्यासक्रमात आहे. अपुरी का राहिली, असं पोरं विचारतात, तेव्हा मी त्याच्या आजारपणाचं कारण सांगतो.