केळीच्या खांबांचा खड्डा
काल एका गोठ्यावरून जाताना मुरघासाचा आंबूस वास आला आणि आमचा तो खड्डा आठवला. घड उतरवल्यावर केळीचे खांब नि पाला वाया जातो, तो दाबून, मुरवून त्याचा जनावरांसाठी मुरघास करावा म्हणून भावानं घरामागे खोल खड्डा खणला होता. पहिल्या दिवशी बारीक चिरलेल्या खांबांची गूळपाणी शिंपडलेली कुट्टी अर्ध्यापर्यंत भरली आणि वर प्लास्टिक ओढलं. सकाळी ते काढल्याबरोबर वहिनी कुट्टी तुडवायला शिडीवरून हसत खाली उतरली. मी टोपली उचलून वळलो, तर ती गुडघ्यांवर बसली आणि तशीच आडवी झाली. "काऊन बोलून नाही राहिली व?" भाऊ ओरडला आणि उडी घ्यायला धावला. आईनं त्याची कंबरच धरली. "उतरू नोको! पडक्या विहिरीसारखी खराब हवा साचली असन. तू बी जाशील!" मी धान उडवायचा पंखा ओढत आणला आणि खड्ड्यात तोंड करून सुरू केला. पंखा घरघरत होता, वहिनी हलत नव्हती आणि आम्ही तिघं नुसते बघत होतो. शेवटी कमरेला दोर बांधून भाऊ उतरला, तिला खांद्यावर टाकून वर आला. बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले. "मी इथं काऊन झोपून राहिली?" भाऊ तिच्या पायांत डोकं खुपसून हमसाहमशी रडला. आता आम्ही मुरघास जमिनीवर, पिशव्यांत भरतो. वहिनीला त्या सकाळचं काहीच आठवत नाही. "एवढं काय झालतं जी?" असं ती अजूनही विचारते, तेव्हा भाऊ उठून बाहेर जातो.