धाकट्या राणीची चढण

आमच्या जुन्या राजेसाहेबांना राण्या दोन, आणि त्या दोघींमधून विस्तव जात नसे. थोरलीने खाली विहिरीकाठी महादेवाचं देऊळ बांधलं, तर धाकटीने भगवतीचं देऊळ थेट डोंगराच्या माथ्यावर नेऊन ठेवलं. थोरलीच्या कळसाने मान वर करून बघावं म्हणे! वर पाणी कोण नेणार, हे बाईंनी विचारलंच नाही. ते आलं गुरवांच्या खांद्यावर.

राजे गेले, राण्या गेल्या, संस्थानही विलीन झालं. महादू गुरव मात्र रोज सकाळी थोरलीच्या विहिरीवर कळशी भरून धाकटीच्या देवीला आंघोळ घालायला चढत होता. मेलेल्या सवतींचं भांडण जिवंत ठेवणारा गावात तो एकटाच उरला होता. गुडघे गेले, दम लागायचा. पुतण्या परशुराम सेवा घ्यायला तयार होता. पण देवीच्या कौलाशिवाय गुरवाला सुटका कुठली?

दर दसऱ्याला महादू देवीच्या अंगावर दोन पाकळ्या ओल्या करून चिकटवी. उजवी आधी पडली तर रजा, डावी पडली तर सेवा चालू. दरवर्षी डावीच पडे.

"उजवी पाकळी तुमीच दाबून लावतास," त्याची बायको काशीबाई म्हणायची. "माका ठावक आसा."

"देवीच सोडणा नाय, मी काय करू गो?" महादू कण्हत म्हणायचा, पण तोंडावर हसू असायचं, हे मी पैजेवर सांगतो.

त्या वर्षी दसऱ्याला कळशी वर नेईपर्यंत त्याचे हात थरथरायला लागले. उजव्या पाकळीवर अंगठा टेकला खरा, पण दाबायला जोर होताच कुठे? हात काढायचा अवकाश, पाकळी टपकन खाली.

परशुरामाने आनंदाने घंटा वाजवली. महादू देवीकडे बघत राहिला.

"इतक्यात?" तो पुटपुटला. "'रव रे, जाव नको' म्हणान एकदा तरी सांगूचा होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाय आपसूक विहिरीकडे वळले. कळशी भरली, खांद्यावर घेतली, आणि मग तो तसाच उभा राहिला. परशुराम केव्हाच पाणी घेऊन वर गेला होता. इतक्यात मागून काशीबाई आपली घागर घेऊन आली. घरचं पाणी ती जन्मभर एकटीच भरत आली होती.

"भरलास मां?" ती म्हणाली. "मगे चला आता घराक. थंय चढण नाय."