डब्बाआत्याची लाल रेघ

कुठलीही जड वस्तू दिसली की डब्बाआत्या आधी तिचं एक टोक उचलून बघायची. कपाट असो, पिंप असो, नाहीतर भरलेली लोखंडी पेटी. माझ्या लग्नात आंदणाचं कपाट टेम्पोत चढवायला चार जण घामाघूम झाले होते. आत्या पंगतीतून उठून आली, उष्टा उजवा हात तसाच वर धरून डाव्या हातानं कपाटाचं एक टोक उचललं, मग दुसरं. "वजन इकडं आहे आन् तुमी जोर तिकडं लावून राह्यले. फिरवा त्याले." फिरवल्यावर ते कपाट दोघांतच चढलं आणि आत्या पुन्हा वरणभाताकडे गेली. सासरची मंडळी मला विचारत राहिली, ह्या तुमच्या कोण? तशी ती माझी कोणीच नव्हती. आमचं अख्खं वारासिवनी गाव तिला आत्या म्हणायचं, म्हणून मीही म्हणत होते.

तिनं वारासिवनीतल्या एका राइस मिलमध्ये वीस वर्षं पोत्यांची तोंडं शिवली. मशीनला हात लावायची बायांना मुभा नव्हती. पण हलरचा, म्हणजे धान्याचं टरफल काढणाऱ्या मशीनचा, नुसता आवाज ऐकून ती शिवता शिवता सांगायची की आता पट्टा घसरणार. पट्टा घसरायचा, आणि मग ऑपरेटर तिच्यावरच खेकसायचा. पुढे मिलमध्ये नवी मशीनं आली आणि जुना लहान हलर मोडीत निघाला. आत्यानं तो मागितला. मालक हसले, "बाई, इसका क्या करोगी? पापड बेलोगी?" आत्या म्हणाली, "बेलूंगी." ठेल्यावर घालून तो हलर तिनं भावाच्या घरी आणला. तिचं लग्न झालेलं नव्हतं आणि त्याबद्दल कोणी विचारलेलं तिला खपत नसे.

एका जुन्या ट्रॉलीच्या धुऱ्यावर तिनं चारी बाजूंनी बंद असा लोखंडी पत्र्याचा डब्बा बांधून घेतला. आत हलर, त्याचं डिझेल इंजिन, आणि मागे दार. उघड्या ट्रॉलीतून मशीन नेलं की धूळ बसते, गंज धरतो, हे मिलमध्ये तिनं पाहिलं होतं. डब्बा ओढायला तिनं लिलावातून एक छोटी, जुनी, चारही चाकांना जोर पोचणारी जीप घेतली. जीप म्हणजे लांबीला जेमतेम दोन खाटा, आणि डब्बा तिच्यापेक्षा वजनानं भारी. दोन्ही एकामागे एक उभी राहिली की येणारा-जाणारा थांबून हसायचा.

हे सगळं तिनं कशासाठी केलं, ते मला घाट चढून वर नोकरीला गेल्यावर कळलं. मी बैहरच्या पलीकडच्या एका गावात शिक्षिका आहे. तिकडे कोदो-कुटकी, ही बारीक भरडधान्यं, पिकतात. पहाटेपासून बाया मुसळ घेऊन बसतात, तेव्हा कुठे दुपारच्या भाताला पुरेल इतकी कुटकी निघते. आणि आई कांडायला बसली की धाकटं पोर सांभाळायला मोठी मुलगी घरी राहते. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलींची हजेरी त्या मुसळानं खाल्ली होती. मूठभर कुटकीसाठी खालच्या मिलवाल्यांपैकी कोणी आपलं मशीन थांबवत नसे. आत्यानं हलरची जाळी तीनदा बदलली, दाणा अख्खा निघेपर्यंत पिच्छा सोडला नाही, आणि पहिल्यांदा डब्बा वर नेला. त्या आठवड्यात माझा वर्ग भरला. तेव्हापासून पीक निघाल्यापासून उन्हाळ्यापर्यंत दर सोमवारी डब्बा वर जायचा आणि मंगळवारी उतरायचा. सोमवारच्या बसचा भरवसा नसल्यामुळे मी तिच्या शेजारची सीट पकडली, ती पाच वर्षं.

डब्बा घाट चढेल, असं कोणालाच वाटलं नव्हतं. मिस्त्री तर तिच्या समोर बोनेटवर हात ठेवून म्हणाला, "आत्या, ह्या गाडीच्या बसची बात नाही हे. क्लच जाईन, इंजिन बैठ जाईन. बडी गाडी घ्या."

"रस्ता वर जाते का नाही?" आत्यानं विचारलं.

"जाते."

"मंग गाडी काहून नाही जाणार? मले कोणती पोचाची घाई आहे?"

मिस्त्री माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, तुम्ही तरी समझवा." मी समजावलं नाही. खरं सांगायचं तर मलाही तिची भीती वाटायची.

पहिल्या फेरीआधी शेजारणीनं नारळ आणून दिला, घाटाच्या पायथ्याशी फोडा म्हणाली. आत्यानं नारळ ठेवून घेतला आणि पायथ्याशी थांबून पाना काढला. सहाही चाकांचे नट एकेक करून तपासले. "नारळ फोडल्यानं नट कसल्या जाते काय?" म्हणाली. त्या नारळाची तिनं घरी चटणी केली आणि शेजारणीला वाटीभर पाठवली. गाडीत लिंबू-मिरची नव्हती, कसला फोटो नव्हता. समोरून ओळखीचं कोणी आलं की हात वर करून जय भीम घालायची, एवढंच.

घाटात ती दुसऱ्या गिअरमध्ये चालवायची. मागे ट्रकांची रांग लागायची, हॉर्न वाजायचे. जागा रुंद दिसली की ती स्वतःहून बाजूला व्हायची, सगळ्यांना जाऊ द्यायची, रेडिएटरला थंड होऊ द्यायची, मग पुन्हा दुसरा गिअर. एकदा समोरून येणाऱ्या एका ट्रकवाल्यानं ओरडून म्हटलं, "अरे, बकरी हाथी खींच रही है!" आत्यानं काच खाली केली. "खींच रही है ना? तो देखते काहेको हो? साइड दो." त्याला हसू आलं आणि त्यानं खरोखरच साइड दिली. मला म्हणाली, "ओढाची फिकर सारे करते. थांबाची कोणीच करत नाही." म्हणून तिनं डब्ब्याच्या चाकांना वेगळा ब्रेक लावून घेतला होता आणि त्याचा दांडा आपल्या सीटजवळ आणला होता.

पण तिचा खरा जीव होता वजनकाट्यावर. माणसं तोलायचा एक जुना काटा, उभं राहिलं की गोल तबकडीवर सुई फिरते तसला, तिनं भंगारातून आणला होता. निघायच्या आधी गाडी सपाटीवर उभी करायची, डब्ब्याचं नाक, म्हणजे जीपच्या हुकात अडकतं ते टोक, त्या काट्यावर टेकवायचं. तबकडीवर नेलपॉलिशची एक लाल रेघ होती. सुई रेघेवर आली तर निघायचं. अलीकडे राहिली तर नाक हलकं, म्हणजे वजन मागे गेलं, पोती पुढे सरकवायची. पलीकडे गेली तर जीपची मान दबते, पोती मागे घ्यायची. कधी कधी डिझेलच्या एका डब्यापायी अर्धा तास जायचा आणि मी घड्याळ बघत उभी असायची. "शाळा उशिरा उघडली तं चालते," ती म्हणायची, "तू उशिरा पोचली तं चालते. न पोचली तं नाही चालत."

एका दिवाळीच्या सुटीला मी तिच्याबरोबर खाली निघाले होते. कांडणावळ म्हणून गावातल्या बाया कुटकीच द्यायच्या, आणि त्या वर्षी पीक बरं होतं. आत्या इंजिनच्या तेलात हात घालून बसली होती, पोती लावायचं काम माझ्याकडे होतं. दार मागे, हलर मधे. नाकाकडे पोतं न्यायचं तर हलरवरून उचलून न्यावं लागे. सुकवारो बाई, जी गावात आत्याचा उजवा हात होती, ती म्हणाली, "दीदी, आगे रखना है ना?" मी म्हटलं, राहू द्या इथंच, दाराशी. घरी जायची घाई माझी होती. आत्यानं हात पुसत विचारलं, "काटा पाह्यला का?"

"हौ," मी म्हटलं. मी काटा बाहेरसुद्धा काढला नव्हता.

घाट उतरताना तिसऱ्या वळणानंतर डब्बा हलायला लागला. आधी थोडा डावीकडे, मग उजवीकडे, मग जास्त. आरशात तो एकदा दिसायचा, एकदा नाहीसा व्हायचा. मागून कोणी जीपची शेपटी धरून झटकावी तसे झटके बसत होते आणि डावीकडे दरी होती. मी किंचाळले, "ब्रेक मारा, आत्या!" तिनं गाडीच्या ब्रेकला पाय लावला नाही. ॲक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग दोन्ही हातांनी नुसतं सरळ धरलं, मग एक हात सोडून डब्ब्याच्या ब्रेकचा दांडा हळूहळू ओढला. डब्बा दोनदा हलला, तिसऱ्यांदा कमी हलला, आणि सरळ झाला. गाडीचा ब्रेक दाबला असता तर मागच्या वजनानं आम्हांला आडवं करून खाली ढकललं असतं, हे तिनं मला नंतर समजावून सांगितलं.

रुंद जागा येताच तिनं गाडी बाजूला घेतली. उतरली, पाणी प्यायली, हुक सोडला आणि डब्ब्याचं नाक हातानं उचललं. रिकाम्या बादलीसारखं ते वर आलं.

"काटा पाह्यलता?"

"नाही."

"मंग खाली काढ."

तिनं बोटसुद्धा लावलं नाही. रस्त्याच्या मैलाच्या दगडावर बसून राहिली. मी एकेक पोतं रस्त्यावर काढलं आणि हलरवरून उचलून पुढे लावलं. साडी फाटली, जाणारे-येणारे बसमधून माना काढून बघत होते. सुई लाल रेघेवर आली तेव्हा मी रडत होते. ती जवळ आली. "मराचं भेव नाही मले," म्हणाली. "पण डब्बा दरीत गेला असता तं वरच्या बाया पुन्हा मुसळ घेऊन बसल्या असत्या. आन् सारी वारासिवनी म्हनली असती, पाहा, आमी सांगतच होतो." मी त्यानंतर तिच्याशी कधी खोटं बोलले नाही. बाकीच्यांशी बोलते.

त्या सुटीतच तिनं मला शिकवायला घेतलं. ज्यानं चूक केली त्यालाच शिकवायचं, असं तिचं म्हणणं होतं. बाजार समितीच्या रिकाम्या आवारात, बंदच्या दिवशी, डब्बा जोडलेली जीप उलटी घ्यायची. डब्बा डावीकडे न्यायचा तर स्टिअरिंग उजवीकडे. माझं डोकं उलटंच चालायचं. मी बुटकी, म्हणून सीटवर एक जाड निळी उशी लागायची. माझी पाळी संपली की आत्या ती उशी मागे भिरकावायची, "मी काय बुटकी आहो?" कट्ट्यावर बसून लोक तमाशा बघायचे, हसायचे. मी लाजले की म्हणायची, "पाहणाऱ्याईले पाहू दे. तू आरसा पाह्य." दोन हंगाम असे गेले. सपाटीवर मी चालवायला लागले, पण घाट तिनं माझ्या हाती कधी दिला नाही. मीही मागितला नाही.

तिचा भाचा वारासिवनीत मोबाइलचं दुकान चालवतो. मुलगा वाईट नाही. आत्यावर त्याचा जीव होता, म्हणूनच तो चिडायचा. "आत्या, वय पाहा. गाव हसते आपल्यावर," तो म्हणायचा. "हसू दे," आत्या म्हणायची, "हसाले का डिझेल लागते?" तिच्या छातीत अधूनमधून कळ यायची, हे त्याला माहीत होतं. मला नव्हतं. मला कळलं असतं तर मी तिला थांबवलं असतं का, याचा मी खूप विचार केला आहे. ती थांबली नसती.

एका रविवारी दुपारी जेवण करून ती खाटेवर आडवी झाली आणि उठली नाही. सोमवारी आम्ही तिला पोचवलं. तिरडीला खांदा द्यायला मी पुढे झाले तेव्हा एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, बायांचं काम नाही हे. मी पुढची बाजू धरली ती सोडली नाही. वर गावात निरोप पोचला नव्हता. सुकवारो बाई आणि इतर बाया कुटकीची टोपली घेऊन संध्याकाळपर्यंत रस्त्यावर उभ्या होत्या, हे मला नंतर कळलं.

त्या आठवड्यात भाच्यानं डब्ब्याला गिऱ्हाईक पाहिलं. पुढच्या सोमवारी सकाळी मी त्याचा निरोप घ्यायला गेले तर अंगणात एक मोठी नवी गाडी उभी होती आणि तिचा मालक डब्ब्याभोवती फिरत होता. हलर मोडीत जाणार होता, डब्बा त्याच्या शेतावर. भाचा माझ्याकडे न बघता म्हणाला, "मॅडम, चालवणार कोण आता?"

उगीच काहीतरी करायचं म्हणून मी डब्ब्यातून काटा काढला आणि नाक त्याच्यावर टेकवलं. सुई फिरली आणि लाल रेघेवर थांबली. मी दार उघडून आत पाहिलं. जादा जाळी, डिझेलचा डबा, सुकवारोच्या नातवासाठी स्वेटर, सगळं पुढे, बांधलेलं. आत्यानं रविवारी सकाळी, जेवायच्या आधी, सोमवारची तयारी करून ठेवली होती.

मग मी जीपचं दार उघडलं. ड्रायव्हरच्या सीटवर निळी उशी होती.

मी शेवटची गाडी चालवून उतरले तेव्हा आत्यानं ती नेहमीसारखी मागे भिरकावली होती. भाच्यानं ती उशी पाहिली. ती कोणाची, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मोठ्या गाडीचा मालक म्हणाला, "मॅडम, ये छोटी गाडी घाट नहीं चढेगी."

"चढती है," मी म्हटलं.

भाच्यानं वाकून हुक अडकवला, पिन स्वतःच्या हातानं लावली आणि दोनदा ओढून पाहिली. "हा सोमवार जा," म्हणाला, "पुढचं पुढं पाहू." मी उशीवर बसले. पायथ्याशी थांबून सहाही चाकांचे नट तपासले. घाटात दुसरा गिअर टाकला तेव्हा मी पाच वर्षं बसले ती शेजारची सीट रिकामी होती. तिसऱ्या वळणावर मागे ट्रकांची रांग लागली आणि हॉर्न सुरू झाले. रुंद जागा यायला अजून वेळ होता. मी आरसा पाहिला, डब्बा सरळ होता, आणि हॉर्न वाजू दिले.