यमुनेच्या तळव्याला गुदगुल्या

"सिस्टर, हिला काहीच कळत नाही," डॉक्टर मला म्हणाले आणि त्यांनी कापसाची वात ट्रेमध्ये टाकली.

समोर यमुना बसली होती. वीस-बावीस वर्षांची, डोळ्यांवर पट्टी, पाय स्टुलावर. दौंडजवळच्या वस्तीवरून एसटीनं शिरूरला आमच्या दवाखान्यात आली होती. शेजारी सासू, आणि सासूच्या कडेवर यमुनेची वर्षाची लेक. आठ दिवस झाले, सासूनं पोर आईकडे दिली नव्हती.

"काटा मोडला तळव्यात, आन् हिला पत्ता न्हाई. महारोगच हाय ह्यो," सासू म्हणाली.

साठ सालाच्या आधीची गोष्ट. गोळ्या निघाल्या होत्या, पण भीती तशीच होती. घराबाहेर काढलेल्या बायका मी पाहिल्या होत्या.

आमची सेन्सेशन टेस्ट साधी. डोळे झाकायचे, कापूस हलकेच टेकवायचा आणि विचारायचं, कुठे लागलं? या रोगात नसा बधिर होतात, स्पर्श कळत नाही. डॉक्टरांनी यमुनेचं अंग नीट तपासलं होतं. चट्टा नव्हता, नस सुजलेली नव्हती. फक्त तळवे गप्प होते.

मी तळव्याला हात लावला. बोट घसरलं.

"पायाला काय लावता?"

"एरंडेल. वरनं राळेचं मलम. भेगा लई हायेत," यमुना म्हणाली.

"आणि धुता कधी?"

"धुवायचं कशाला?" सासू म्हणाली. "मलम जाईल की!"

मी डॉक्टरांना म्हणाले, "अर्धा तास द्या मला."

गरम पाण्यात सोडा टाकून पाय भिजवले. क्वार्टरमधून माझी पितळी वजरी आणली आणि टाचा घासल्या. काळे थर निघाले. पाणी तीनदा बदललं. खाली गुलाबी कातडी दिसली तेव्हा मलाच बरं वाटलं.

पाय कोरडे केले. कापूस टाचेवर टेकवला. "न्हाई." टाच अजून जाडच होती. तळव्याच्या खोलगट भागावर टेकवला. "व्हय, तितं."

मग तेलानं काय फरक पडतो ते बघायला बोटाला तेल लावून दाबलं. "दाबताय," ती म्हणाली. तेवढंच. तेल पुसून टाकलं, पेन्सिलीची बोथट बाजू घेतली आणि त्याच जागी हलकेच ओढली. यमुना किंचाळून हसली. लाथ बसून ट्रे खाली गेला, त्यातली काचेची बाटली फुटली.

"आवं बाई, नगा, नगा!"

"पुन्हा करा," डॉक्टर म्हणाले. दुसऱ्यांदा हसली, दुसऱ्या पायालाही हसली.

"द्या ती पेन्सिल हिकडं," सासू पुढे आली.

तिनं स्वतः ओढून पाहिली. पट्टीआडून यमुना ओरडली, "सिस्टर, पुरं की वो आता!"

सासूनं पेन्सिल खाली ठेवली. तिनं पोर यमुनेच्या मांडीवर ठेवली. पट्टी न काढताच यमुनेनं ती छातीशी धरली. मी काचेचे तुकडे गोळा करत बसले, नाहीतर मला रडू फुटलं असतं.

रोज पाय धुवायला सांगितलं आणि दीड महिन्यानं पुन्हा तपासलं. टाचेलाही कापूस कळला. डॉक्टरांनी केस बंद केली.

तेव्हापासून पाय धुतल्याशिवाय केसपेपरवर 'बधिर' हा शब्द मी कोणाला लिहू दिला नाही. डॉक्टरांनासुद्धा.